पत्ता शहराचा, हद्द गावाची: नवोदयच्या एका दाखल्यापायी

लेकीची नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेला, निवड झाली त्याला वर्ष होत आलं, तरी 'ग्रामीण' हा शब्द कुठे छापलेला दिसला की माझं डोकं फिरतं. परीक्षा तिने दिली, घाम माझा निघाला.

पाचवीनंतर हिला कुठे घालायची यावर घरात फार चर्चा झाली नाही. गुरुजींनी सांगितलं, "पोरगी हुशार आहे, नवोदयचा फॉर्म भरा," आणि आम्ही भरला. जिल्ह्यात एकच शाळा, सहावी ते बारावी, सीबीएसई, राहणं-जेवण-पुस्तकं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, पण मुलींना तो माफ आहे. सासरे म्हणाले, देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचं. म्हणजे त्यांचा होकार. फॉर्मला पैसे लागत नाहीत, मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन भरला, परीक्षा झाली, यादी लागली, नाव आलं. पेढे वाटले.

आणि मग कागदपत्रं.

नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. आमची लेक पहिलीपासून वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, समोर ऊस, मागे ओढा. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती?

जागा होती. तालुक्याच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन तिथे नगरपंचायत झालेली, म्हणजे ते गाव कागदोपत्री शहरी. आमची वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतीत, पण पोस्ट तालुक्याचं आणि पिनकोडही तोच. शाळेच्या लेटरहेडवर वस्तीच्या पुढे तालुक्याचं नाव छापलेलं. शाळा ग्रामीण भागात असल्याचा दाखला ज्या टेबलावरून निघायचा, तिथल्या साहेबांनी ते नाव पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, ही तर शहरी शाळा."

मी म्हटलं, साहेब, तिथे अजून घंटागाडीसुद्धा येत नाही. ते म्हणाले, घंटागाडीवरून ठरत नाही, हद्दीवरून ठरतं. बरोबरच होतं, फक्त हद्द बघायला ते तयार नव्हते. "नगरपंचायतीकडून लेखी आणा, शाळा आमच्या हद्दीत नाही म्हणून."

नगरपंचायतीत गेले. तिथले म्हणाले, जे आमच्या हद्दीतच नाही त्याचा दाखला आम्ही कसा देणार? परत पहिल्या टेबलावर. साहेब जेवायला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण "उद्या या". त्या आठवड्यात मी चार वेळा एसटीने गेले आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परत आले. कागदपत्रांची तारीख जवळ येत होती, आणि घरी लेक रोज विचारायची, "झालं का गं?" एकदा मी तिच्यावरच ओरडले. तिचा काय दोष होता?

मार्ग सुचवला तो ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनी, तोही मी दुसऱ्याच कामाला गेले असताना. म्हणाले, "शाळेची इमारत आमच्या नमुना ८ ला आहे की! उतारा घेऊन जा." नमुना ८ म्हणजे गावातल्या घरांची, इमारतींची कर आकारणीची नोंदवही. ज्या ग्रामपंचायतीच्या वहीत इमारत, तिच्याच हद्दीत ती. दहा मिनिटांत सही-शिक्क्याचा उतारा मिळाला. मग गुरुजींकडून शाळेच्या यू-डायस माहितीची, म्हणजे सरकारकडे असलेल्या शाळेच्या नोंदीची, प्रिंट घेतली. त्यात शाळेचा भाग ग्रामीण की शहरी हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आमच्याकडे 'ग्रामीण' होतं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले. या वेळी मी बसायचं विचारलं नाही, बसलेच. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "हे आधी आणायचं ना!"

आधी कुणी सांगितलं होतं?

म्हणून माझं सांगणं एवढंच, हे दोन कागद मूल पाचवीत असतानाच काढून ठेवा, निकालाची वाट बघू नका. विशेषतः तुमच्या जवळच्या गावाची नगरपंचायत झाली असेल तर. आणि हो, फॉर्म भरतानाच शहरी-ग्रामीणच्या चौकटीत चूक झाली असेल तर अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते. तेव्हा झोपून राहू नका. परीक्षेचं माध्यमही तिथेच बदलता येतं.

परीक्षेबद्दल बायका फार विचारतात, म्हणून तेही सांगते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आकृत्यांचे, म्हणजे निम्मा पेपर तोच. गणिताचे २०, भाषेचे २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नका म्हणावं. लेकीने शिष्यवृत्तीसाठी बुद्धिमत्तेचा सराव केला होता, तोच इथे कामी आला. वेगळा क्लास लावला नाही. लावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण आकृत्या रोज अर्धा तास घरीही होतात. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते, हे मात्र मुलाला फार ऐकवू नका. मी ऐकवलं आणि आदल्या रात्री ती झोपली नाही.

प्रवेशाच्या दिवशी नवोदयमध्ये पडताळणीच्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी ग्रामीणचा दाखला घेतला, एकदा नजर फिरवली, फाइलला लावला आणि म्हणाल्या, "पुढचा कागद?" मी पर्समधून नमुना ८ आणि यू-डायसची प्रिंट काढून पुढे केली. त्यांनी ती हसून परत दिली, नको म्हणाल्या. पाच-पाच झेरॉक्स काढल्या होत्या. सगळ्या अजून कपाटात आहेत.