नादजादूची नोंदवही: मूळस्वर, तीन मीटरची हद्द आणि दहिवर

या टप्प्यात एक निर्णय पक्का झाला आणि बाकीचे नियम त्याच्या मागून आले: आपल्या कथेतल्या जगात नाद ही किल्ली आहे, ताकद नाही.

कारण साधा हिशोब. माणसाच्या मोठ्या आवाजातली ध्वनिशक्ती मिलिवॉटच्या घरात असते. १ किलोचा दगड १ मीटर उचलायला ९.८ ज्यूल लागतात. म्हणजे १ मिलिवॉटचा गळा, काहीही वाया न घालवता, पावणेतीन तास गात राहिला तर दगड एकदाचा कमरेपर्यंत येणार. गाण्याच्या जोरावर किल्ले पाडायचे तर ऊर्जा दुसरीकडून आणावी लागते, आणि 'गूढ शक्ती' म्हटलं की कथेतला सगळा ताण ढिला पडतो.

म्हणून ऊर्जा वस्तूच्या स्वतःच्या उष्णतेतून काढली. १ किलो दगड १ अंशाने गार झाला की सुमारे ८०० ज्यूल मोकळे होतात. ते सगळे वापरू दिले तर दगड ८० मीटर उडेल, म्हणजे जादू फुकटात पडली. त्यामुळे शंभरातला एकच भाग कामी येतो असा नियम ठेवलाय: १ अंश, ८ ज्यूल, ८० सेंटिमीटर. बाकीची उष्णता कुठे जाते हे या जगातल्या पंडितांनाही माहीत नाही, आणि ते तसंच राहू द्यावं.

या नियमाने एक अनपेक्षित देणगी दिली. जादू झालेली वस्तू गार पडते, म्हणून दमट हवेत तिच्यावर दहिवर धरतं. कोकणातल्या आषाढासारखी ९० टक्के आर्द्रता असेल तर दोनेक अंशांची घटही पुरते. माणदेशी उन्हाळ्यासारख्या कोरड्या हवेत दहा अंशांनीही काही दिसत नाही. हेरांची जादू कोरड्या मुलखात चालणार आणि किनाऱ्यावरचा कोतवाल आधी कुलपावर बोट फिरवून बघणार. हे ठरवून सुचलं नसतं.

आता गाभा. प्रत्येक वस्तूला मूळस्वर असतो, म्हणजे टिचकी मारल्यावर ती ज्या वारंवारितेला कंप पावते तो. नादकाराने, म्हणजे गळ्याने जादू करणाऱ्याने, तोच स्वर लावला तर वस्तू 'जागी' होते, तिची उष्णता कामी येऊ लागते. हा अनुनाद आहे, आणि त्याला टोकदारपणा असतो. भौतिकशास्त्रात त्याला क्यू म्हणतात. क्यू जितका मोठा तितका स्वर अचूक लावावा लागतो, तितका जास्त वेळ धरावा लागतो आणि जाग तितकी खोल येते. ४०० हर्ट्झचा, ४०० क्यूचा पातळ काचेचा पेला घ्या. त्याची पट्टी, म्हणजे स्वर जिथे चालतो ती हद्द, ४०० भागिले ४००, १ हर्ट्झ रुंद. साधारण ४ सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट). प्रमाणश्रुती, म्हणजे स्वरांमधलं एक बारीक अंतर, जवळपास २२ सेंटची असते, तेव्हा श्रुतीच्याही पाचव्या हिश्श्यात गळा स्थिर राहिला पाहिजे. पेला पूर्ण जागा व्हायला सेकंदभर पुरतो. २०० हर्ट्झची, २००० क्यूची घंटा मात्र साडेनऊ सेकंद घेते. (सूत्र: π गुणिले वारंवारिता, त्याने क्यूला भागा आणि येणाऱ्या सेकंदांची तिप्पट धरा.) मुरलेल्या गायकाचा दमसास पंधरा-वीस सेकंदांचा धरला तर घंटेसाठी एका श्वासात एकच संधी मिळते.

लाकडाचा क्यू ५० च्या आसपास धरलाय. त्याची पट्टी ३५ सेंटची, त्यामुळे ते शिकाऊ पोरालाही जागं होतं, पण उथळ. ओल्या मातीला तर मूळस्वरच नाही म्हटलं तरी चालेल. यातून समाजरचना आपोआप ठरते: मातीच्या घरात राहणाऱ्याला नादकाराची भीती नाही, काचेच्या झुंबराखाली झोपणाऱ्याला आहे.

एक अडचण लगेच येते. गमक किंवा आंदोलन घेतलं की स्वर सहज ५० सेंट इकडेतिकडे होतो आणि जाग मोडते. म्हणजे उत्तम गवई हा उत्तम नादकार नसतो. सपाट, कंटाळवाणा, न हलणारा आवाज लागतो. ही गोष्ट पात्रांच्या स्वभावात उतरवण्यासारखी आहे.

लिहिताना सर्वांत उपयोगी पडतात ते विस्पंद. गळा आणि वस्तू यांच्यात ३ हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला तीन ठोके ऐकू येतात. जुळत गेलं की ठोके संथ होत थांबतात. कागदावर स्वर ऐकवता येत नाही, पण 'तीन, दोन, एक, मग काहीच नाही' हे वाचकाला कळतं. त्यासाठी वस्तू आधी थोडी वाजती असावी लागते, म्हणून नादकार टिचकी मारून सुरुवात करतो. बोटांना २५० हर्ट्झच्या आसपासचा कंप सर्वांत चांगला जाणवतो, तेव्हा ऐकू न येणारा नादकार वस्तूवर बोटं टेकवून हेच काम करू शकतो. असं एक पात्र ठेवाच. कोलाहलात त्याचंच चालेल.

आधाराशिवाय गळा हळूहळू उतरतो. म्हणून प्रत्येक संप्रदायाकडे तंबोऱ्यासारखं वाद्य हवं, आणि वाद्य आलं की त्याचा पुरवठा आला. मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर भागातून येतात. तसंच आपल्या जगातही भोपळे कोण पिकवतं, दुष्काळी वर्षी काय होतं, हे ठरवल्याशिवाय राजकारण लिहू नये.

अंतराचा नियम मुद्दाम बदललेला नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने घसरते. वस्तूपाशी ८० डेसिबल हवेत असं ठरवलं आणि १ मीटरवर ९० डेसिबल देणारा गळा घेतला, तर पल्ला ३.२ मीटर. दहा नादकार एकत्र आले तर फक्त १० डेसिबल वाढतात, पल्ला १० मीटर. शंभर जणांना ३२ मीटर. 'हजार जादूगारांची फौज' हा ठरलेला प्रसंग इथेच गारद होतो: हजार गळे मिळून १०० मीटर, आणि तिरंदाज त्याच्याही पलीकडून मारतो.

बंद जागेत गणित उलटतं. भिंती आवाज परत देतात आणि ठराविक अंतरानंतर पातळी घसरतच नाही. त्यातही घुमट. विजापूरचा गोलघुमट (१६५६) आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे आणि त्याच्या सज्जातली कुजबुज समोरच्या टोकाला ऐकू येते. आपल्या जगात अशी वास्तू म्हणजे तोफखाना. कोणी घुमट बांधायला घेतला की शेजारच्या राज्याने दूत पाठवलाच पाहिजे.

मोकळ्या मैदानात वेळ महत्त्वाची. दिवसा जमिनीलगतची हवा तापते आणि आवाज वर वळतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत गारवा असतो, आवाज खाली वळून लांब जातो. तेव्हा नादयुद्ध रात्री किंवा पहाटे.

बचाव स्वस्त असावा, नाहीतर सामान्य माणूस कथेतून हद्दपार होतो. हा बचाव म्हणजे मेणाचा गोळा. कंपणाऱ्या वस्तुमानात १ टक्का भर पडली की स्वर सुमारे साडेआठ सेंट उतरतो, आणि पेल्याची पट्टीच ४ सेंटची. २०० ग्रॅमच्या पेल्याच्या काठाला २ ग्रॅम मेण लावलं तरी शत्रूने पाठ केलेला मूळस्वर निकामी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून स्वर खाली आणतात, तोच मार्ग. पाण्यानेही पेल्याचा स्वर उतरतो, पण ते अर्ध्याच्या वर भरलं तरच नीट जाणवतं, कारण बुडाकडची काच फारशी हलतच नाही. घोंगडी टांगून नादकाराला अडवता येतं का? उंच स्वराला, काही अंशी. १००० हर्ट्झच्या पाव तरंगलांबीला साडेआठ सेंटिमीटर जाडी पुरते. १०० हर्ट्झला ८६ सेंटिमीटर लागते. खर्जाला घोंगडी अडवत नाही.

मंत्रांबद्दल थोडक्यात: व्यंजनांना काम नाही, स्वरांना आहे. २०० हर्ट्झवर 'आ' म्हटलं की ६०० ते ८०० हर्ट्झचे उपस्वर (मूळ २०० च्या पटीतले, त्याच आवाजात दडलेले स्वर) जोरकस होतात, त्यामुळे मधल्या पट्टीतला गळाही ६०० हर्ट्झचा पेला जागा करू शकतो. 'ई' म्हटलं तर ते उपस्वर दबतात. प्राचीन भाषेतले जादुई शब्द वगैरे भानगड नको. पुरोहित व्यंजनांवरून भांडतात ते खुशाल भांडोत.

राहिलेली कामं दोन. बासरी हे हत्यार अजून बसत नाही. हवेतला ध्वनीचा वेग १० अंशांना सुमारे ३३७ आणि ४० अंशांना ३५५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे बासरी पहाटे आणि दुपारी जवळपास अर्ध्या सुराने वेगळी बोलते. फुंकरीची ऊब फरक कमी करते, पण ४ सेंटच्या पट्टीत बसण्याइतका नाही. दर प्रहराला वेगळी बासरी द्यावी लागेल, किंवा ती फक्त लाकडापुरती ठेवावी लागेल. सध्या कल लाकडाकडे आहे.

दुसरं, द्वंद्व. एकाच पेल्यावर दोघे १ हर्ट्झच्या फरकाने, सारख्याच जोराने गायले तर जाग दर सेकंदाला चढते आणि उतरते. कोणाचीच पकड बसत नाही. म्हणजे राजाला वाचवायला किंचित बेसूर गाणारा माणूस पुरे. गंमत आहे, पण यात सगळी द्वंद्वं बरोबरीत सुटतात. एकाने श्वास घेतला त्या क्षणी दुसऱ्याला किती सेकंद मिळाले तर पकड बसावी, हा आकडा घंटेसाठी साडेनऊ ठेवला तर कोणीच जिंकत नाही आणि पेल्यासाठी एक ठेवला तर पहिला श्वास घेणारा मेला. मधल्या क्यूची वस्तू, उदाहरणार्थ काशाची वाटी, घेऊन हे प्रसंग लिहून बघायचे आहेत.