बूट बघ त्यांचे

जुलै 2005. नेवार्कहून ऑर्लँडोला जाणारं सकाळचं विमान, आणि शाळांना सुट्ट्या. अर्धंअधिक विमान डिस्नेला निघालेलं. अर्ध्या चड्ड्या, रबरी चपला, पोरांच्या डोक्यावर मिकीचे कान. मी तेव्हा एका अमेरिकन कंपनीत फ्लाइट अटेंडंट होते.

बोर्डिंग सुरू व्हायच्या आधीच दोघेजण आले, कॅप्टनला भेटले आणि पुढे फर्स्ट क्लासमध्ये जाऊन बसले. गडद कोट, टाय, बारीक कापलेले केस, चकाकणारे काळे बूट. एअर मार्शल, म्हणजे विमानातले सशस्त्र पोलीस. आम्ही क्रूवाले त्यांना 'फॅम' म्हणायचो, 'फेडरल एअर मार्शल'ची आद्याक्षरं. प्रवाशांत मिसळून बसायचं आणि वेळ आलीच तर उठायचं, हे त्यांचं काम.

बिचारे हौसेने नटले नव्हते. 11 सप्टेंबर 2001 ला अख्ख्या अमेरिकेत 33 एअर मार्शल होते. नंतर घाईघाईने मोठी भरती झाली आणि खात्याचे प्रमुख म्हणून टॉमस क्विन आले, राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसमध्ये मुरलेले. माणूस रुबाबदार दिसला तरच प्रसंगी लोक त्याचा हुकूम मानतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कोट. मग विमान वॉशिंग्टनला चाललेलं असो की समुद्रकिनाऱ्यावर.

फर्स्ट क्लासमधून मागे जाणारी रांग नेहमीसारखीच अडली. वरच्या कप्प्यात कुणाची तरी बॅग मावत नव्हती. एका पोराने आईला मोठ्यांदा विचारलं, "हे काका लग्नाला चाललेत का?" आईने त्याला पुढे ढकललं, पण जाताना स्वतःही वळून बघितलंच. त्यांच्या मागे एक आजोबा होते, बायको आणि मुलाच्या कुटुंबाबरोबर. नेमके त्या दोघांच्या शेजारी येऊन थांबले, खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "हे दोघं पोलीस आहेत गं. बूट बघ त्यांचे."

इथे कोणाला कळतंय, अशा खात्रीने. मी दोन पावलांवर उभी होते. चेहरा कोरा ठेवायचं आमचं प्रशिक्षण त्या दिवशी पुरतं वसूल झालं.

ट्रॉली त्यांच्या रांगेशी पोचल्यावर मी विचारलं, "काका, चहा की कॉफी?" आजी हसायलाच लागल्या. आजोबा ओशाळले, पण क्षणभरच. मग हळू आवाजात, "माझं बरोबर ना?"

"कशाबद्दल?"

"कळलं," ते म्हणाले. "सांगू नकोस. मी पस्तीस वर्षं पोलिसात काढली. लोकलमध्ये पाकीटमार धरायला जायचो तेव्हा कळकट शर्ट घालून, दाढी वाढवून. तरी एक जण पायांकडे बघून सटकला होता. कपडे बदलले, बूट सरकारीच राहिले. चहा दे, साखर जास्त."

मला क्विनसाहेबांचं म्हणणं अगदीच वेडगळ वाटत नव्हतं, हेही सांगते. युनिफॉर्मचं जॅकेट अंगात असलं की "बसून घ्या" म्हटल्यावर लोक बसतात. जेवण वाढताना ते काढून एप्रन चढवला, की तेच लोक हुज्जत घालतात. पण मी मुद्दाम दिसावं म्हणूनच मला तो युनिफॉर्म दिलाय. पहिला घाव कुणावर घालायचा हे विमान पळवणाऱ्याला कोटावरूनच कळत असेल, तर हुकूम द्यायला तो माणूस उरणार कसा?

खुद्द मार्शलही हेच ओरडत होते. लॉस एंजेलिसच्या एकाने 2005 मध्ये कोर्टात धाव घेतली, मे 2006 मध्ये अमेरिकन संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचा अहवाल आला. त्यात कपड्यांइतकाच ठपका होता सगळ्यांच्या देखत आधी विमानात चढवण्यावर. क्विन निवृत्त झाले, त्यांच्या जागी डेना ब्राउन आले. तेही सीक्रेट सर्व्हिसचेच, पण ऑगस्ट 2006 मध्ये त्यांनी पत्रक काढलं: प्रसंग पाहून काय घालायचं ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतरच्या एका फ्लाइटला सीट नंबर मला आधीच माहीत होता, तरी मी दोनदा खात्री करून घेतली. मळकी बेसबॉलची टोपी, ढगळ टी-शर्ट, मांडीवर चिप्सचं पाकीट. जंपसीटवर माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण कुजबुजली, "हा उठून 'कोणी हलू नका' म्हणाला, तर ऐकणार कोण याचं?"

"हातात काय आहे ते बघून सगळे ऐकतील," मी म्हटलं.