एमव्हीएस ३.८जे: कॉम्प्रेस जॉब आणि टीएसओची ओढाताण

सेटअप जुनाच: रास्पबेरी पायवर हर्क्युलिस (मेनफ्रेमचं एम्युलेटर), त्यात एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम. यावेळी सगळा वेळ एन्क्यूने, म्हणजे डेटासेटचा (फाइलचा) ताबा मागणाऱ्यांच्या रांगेने, खाल्ला.

मित्र टीएसओवर (टर्मिनलवरून थेट काम करायची सोय) सोर्स लायब्ररीतला मेंबर, म्हणजे आतली एक फाइल, एडिटरमध्ये उघडून जेवायला गेलेला. इकडे मी असेंबल, लिंक आणि शेवटी त्याच लायब्ररीचं कॉम्प्रेस (आतली वाया गेलेली जागा मोकळी करणं) असा जॉब सोडला. कन्सोलवर ‘वेटिंग फॉर डेटा सेट्स’. इनिशिएटर (जॉब चालवायला घेणारा प्रोग्रॅम) अडकला, मागचे जॉब ताटकळले.

एडिटरचं ॲलोकेशन शेअर्ड, कॉम्प्रेस करणाऱ्या आयईबीकॉपी युटिलिटीला डिस्प=ओल्ड म्हणजे एक्सक्लुझिव्ह, एकट्याचा ताबा, इथवर काही नवल नाही. पण त्याच वेळी तिसऱ्या सेशनमधून ती लायब्ररी नुसती बघायला गेलो, तर टीएसओ म्हणतं, ‘ऑलरेडी इन यूज, ट्राय लेटर’. आता वाचणाऱ्याला वाचणाऱ्याची काय अडचण? तर एन्क्यूची रांग आल्या क्रमाने चालते. मध्ये एक एक्सक्लुझिव्हवाला उभा राहिला की त्याच्यामागून आलेल्या शेअर्डवाल्यांचीही वाट बंद. शिवाय बॅच जॉब निदान थांबून राहतो, टीएसओचं डायनॅमिक ॲलोकेशन सरळ नकार देऊन मोकळं होतं.

दुसरी गोम वेळेची. इनिशिएटर जॉबमधले सगळे डेटासेट पहिली स्टेप सुरू व्हायच्या आधीच एकदम ताब्यात घेतो, तेही सर्वांत कडक मागणीनुसार. ओल्ड फक्त शेवटच्या स्टेपला लागत असलं तरी कुलूप असेंबलपासूनच. दोन जॉब एकमेकांत अडकून पडू नयेत म्हणून ही सोय चांगलीच आहे, पण भुर्दंड टीएसओवाल्यांना.

ओल्डचं एसएचआर (शेअर्ड) करून टाकायचा मोह कृपया आवरा. कॉम्प्रेसमध्ये मेंबर जागचे हलतात, आणि ज्याने डिरेक्टरी आधीच वाचून ठेवलीय त्याच्या हातातले पत्ते भलत्याच ट्रॅककडे बोट दाखवायला लागतात. वर त्याने सेव्ह केलं तर विचारूच नका.

म्हणून जॉबचे दोन तुकडे केले. पहिल्यात असेंबल-लिंक, सोर्स लायब्ररी एसएचआरने. त्याच्या शेवटच्या स्टेपला आयईबीजेनर ही कॉपी करणारी युटिलिटी कॉम्प्रेसचा जेसीएल (जॉबच्या सूचना) इंटरनल रीडरकडे ढकलते, म्हणजे तो नवा जॉब म्हणून दाखल होतो. आतल्या जेसीएलमध्येही ओळीच्या सुरुवातीला दोन स्लॅश असतात, तेव्हा तो जॉबमध्ये देताना डीडी डेटा वापरायला हवं; आत स्लॅश-तारा असेल तर डीएलएमने शेवटची वेगळी खूणही द्यायला हवी. दुसऱ्या जॉबच्या कार्डावर टायपरन=होल्ड. होल्डवरचा जॉब इनिशिएटरही अडवत नाही आणि एन्क्यूच्या रांगेतही उभा राहत नाही. सगळे लॉगऑफ झाले की जेसला (जॉबच्या रांगा सांभाळणारी यंत्रणा) डॉलर-ए ही कमांड देऊन सोडायचा. कॉम्प्रेस क्षणात होतं. मित्राच्या जेवणाशी आता माझ्या असेंबलीचा संबंध उरलेला नाही.

सिस्प्रॉक, म्हणजे टीएसओच्या कमांड प्रोसीजर्सची लायब्ररी, मात्र बाकी आहे. आमच्या लॉगऑन प्रोसीजरमुळे ती लायब्ररी जो लॉगऑन असेल त्याच्याकडे शेअर्डमध्ये धरलेलीच असते. तूर्त बेत असा, की आयपीएल (सिस्टिम बूट) झाल्यावर, कोणी लॉगऑन व्हायच्या आत, तिचं कॉम्प्रेस कन्सोलवरूनच सोडायचं.