तुम्ही विचारलंत म्हणून: जुना चांदीचा डॉलर कुठला घेऊ?

न्यू जर्सीत आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला येणारी मंडळी चौरंगापुढे वाकतात आणि उठताना हमखास विचारतात, "हे डॉलर का? खरे चांदीचे? महाग असतील ना?" फराळ होईपर्यंत तोच विषय चालतो. सगळे निघाले की एखादं कुणीतरी बूट घालता घालता हळूच विचारतं, "मलाही एक घ्यायचाय. फार पैसे नाही घालायचे. कुठला घेऊ?" दर वर्षी मी हे उत्तर दारात उभं राहून तुकड्यातुकड्यांनी देते. या वेळी सलग लिहिते.

१९२१ चा मॉर्गन डॉलर घ्या. झिजलेला आणि काळपट.

हे ऐकून लोक हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे चमचमणारं काहीतरी असतं. पण कमी पैशात चमचमणारं घ्यायला गेलात की एकतर फसाल, नाहीतर चमचमण्याचेच पैसे मोजाल.

मॉर्गन हे नाव टाकसाळीतल्या नक्षीकाराचं, जॉर्ज मॉर्गनचं. हे डॉलर १८७८ पासून १९०४ पर्यंत दर वर्षी पडले. नेवाडात चांदीच्या खाणी उतू जात होत्या आणि सरकारने ती चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत असा कायदाच १८७८ मध्ये झाला होता. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियातली अ‍ॅना विलेस विल्यम्स नावाची शिक्षिका बसली होती. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी, बाकी तांबं. आपल्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा 'अगबाई, केवढा जड!' असंच तोंडातून निघालं होतं.

१९०४ नंतर हे नाणं बंद झालं आणि एकदम १९२१ मध्ये पुन्हा निघालं. जुने मूळ ठसे तोवर नष्ट केलेले, म्हणून मॉर्गनला ते नव्याने करावे लागले. नवी नक्षी जरा चपटी आली. देवीचे केस आधीच्या डॉलरांवर मोकळे, दाट दिसतात, १९२१ च्या डॉलरवर तेल लावून चापून बसवल्यासारखे. म्हणून जाणकार त्याला नाक मुरडतात. त्यात एकट्या फिलाडेल्फियाने त्या वर्षी ४ कोटी ४६ लाखांवर पाडले. डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोचे प्रत्येकी दोन कोटींच्या वर. नावडता आणि मुबलक. स्वस्त राहायला आणखी काय हवं?

पण तो पडलाच का, हे मला कळलं त्या दिवसापासून तो माझा लाडका आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून सैन्यासाठी माल घेतला, सैनिकांचे पगार दिले, आणि त्यासाठी चांदीचे रुपये लागत होते. रुपया एकदा शेतकऱ्याच्या हाती गेला की मडक्यात नाहीतर बायकोच्या अंगावर जायचा, बाजारात परत यायचा नाही. १९१७ अखेर एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. नोटा घेऊन माणसं चांदी मागायला गर्दी करू लागली आणि सरकारी तिजोरीतले रुपये संपत आले. तेव्हा अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा केला. पिटमन हे नेवाडाचेच सिनेटर. तिजोऱ्यांत पडून असलेले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटिशांना औंसाला एक डॉलर दराने विकली गेली आणि जहाजांनी हिंदुस्थानात आली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, एका डॉलरातल्या चांदीत सव्वादोन रुपये बसतात.

त्याच कायद्यात दुसरी अट होती. जेवढे डॉलर वितळवले तेवढी चांदी अमेरिकन खाणींकडून पुन्हा घ्यायची आणि तेवढेच डॉलर पुन्हा पाडायचे. १९२१ चा मॉर्गन म्हणजे ती परतफेड. त्याच वर्षाअखेर आलेला नव्या नक्षीचा 'पीस डॉलर'ही तीच. म्हणजे मुंबईला गेलेल्या एका डॉलरच्या जागी हा उभा आहे. त्याला कुणी चपटा म्हणो.

आता पैशांचं. या नाण्यात ०.७७३ ट्रॉय औंस (म्हणजे सोन्याचांदीचा औंस) शुद्ध चांदी असते. त्या दिवशीचा औंसाचा भाव बघा आणि ०.७७ ने गुणा. ही झाली चांदीची किंमत, याच्या खाली तुम्हाला कुणी देणार नाही. दिला तर घाबरा. झिजलेल्या १९२१ ला याच्यावर थोडे पैसे द्यावे लागतात, तेवढे ठीक. २०१४ मध्ये चांदी वीस डॉलरच्या आतबाहेर होती, माझा पहिला मॉर्गन मला सव्वीसला पडला. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदी पन्नासच्या वर गेली तेव्हा त्याच्यातली नुसती चांदीच अडतीस डॉलरांची झाली. यावर आमचे हे म्हणतात, "बघ, शेअरसारखं झालं की." नाही झालं. मी विकणार नाही, त्यामुळे काहीच झालेलं नाही.

खरेदीला मी शक्यतो कॉइन शोला जाते. आमच्या भागात असे छोटे शो अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी भरतात. लांब टेबलं, प्रत्येकावर दिवा, मागे बहुतेक सत्तरीतले आजोबा. काचेखाली मांडलेली नाणी आपल्यासाठी नसतात. "झिजलेले डॉलर आहेत का?" असं विचारलं की टेबलाखालून एक डबा निघतो. तो डबा घेऊन बसायचं. दहा नाणी हातात घ्या, एक निवडा. तीन घेत असाल तर भाव थोडा कमी करून मागा, तिथे ते वाईट दिसत नाही.

निवडताना दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करून बघा. टाकसाळीतून आल्यासारखं असेल तर उजेड त्याच्यावर चक्राच्या आऱ्यांसारखा फिरतो. अशी नाणी महाग, सोडून द्या. प्रामाणिकपणे झिजलेलं असेल तर कानावरचे केस आणि गरुडाची छाती गुळगुळीत, करडी दिसते आणि अक्षरांच्या खाचांत काळं साचलेलं असतं. ही झीज हजार खिशांतली असते, तिच्यात काही वाईट नाही. वाईट ते तिसरं: चकचकीत आहे, पण उजेड फिरतच नाही, आणि भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसतात, तारेच्या घासणीने घासलेल्या पातेल्यासारखे. ते कुणीतरी साफ केलेलं नाणं. संग्राहक त्याला हात लावत नाहीत.

हे मी घरीच शिकले. पाच-सहा वर्षांपूर्वी आई सांगलीहून आली होती. माझ्याकडे तेव्हा १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा एक डॉलर होता, माझा एकमेव झगझगीत. कडेने त्याला जांभळट-सोनेरी झाक चढली होती आणि त्या झाकेचेच मी जादा पैसे मोजले होते. दिवाळीच्या आदल्या दिवशी कामावरून आले तर चौरंगावर सगळी चांदी लखलखत होती. समया, निरांजन, करंडा, आणि डॉलर. आईने दाताची पांढरी पावडर आणि जुनं पातळ घेऊन दुपारभर सगळं चोळलं होतं. "अगं, तुझं ते नाणं तर पार काळं पडलं होतं. देवापुढे तसं ठेवतात का?" मी काही बोलले नाही. बोलणार काय? चांदी काळी पडली की घासायची, हे तिने मलाच तर शिकवलं. त्या डॉलरची किंमत एका दुपारीत चांदीच्या भावावर आली. तो अजून पूजेत असतो. त्याला मी आईचा डॉलर म्हणते.

खोट्या नाण्यांबद्दल थोडक्यात. दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा आणि एक लोहचुंबक घ्या. झिजलेला डॉलर २६ ग्रॅमच्या आसपास भरतो. चोवीस भरला तर परत द्या. चुंबकाला चिकटला तर बोलायलाच नको. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवला की खरा बराच वेळ किणकिणत राहतो. खणखणीत नाणं म्हणतात ते उगाच नाही. स्वस्त १९२१ चीसुद्धा नक्कल निघते, पण जास्त नकला दुर्मिळ नाण्यांच्या असतात. माझ्या मामेभावाने आठवडी बाजारात पाचशे रुपयांना '१८०४ चा डॉलर' घेऊन मला मोठ्या आनंदाने फोटो पाठवला होता. १८०४ चे खरे डॉलर जगात मोजून पंधरा-सोळा. चुंबक लावून बघ म्हटलं, लावला, पुढचे दोन महिने त्याचा फोन नाही.

'सीसी'चं विचारतात बरेच जण. गरुडाखाली, डॉलर या शब्दाच्या वर, टाकसाळीची खूण असते: एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. कार्सन सिटीचं नाव ऐकलं की लोकांच्या अंगात येतं. बजेट छोटं असेल तर त्या नाण्यांच्या वाटेला जाऊ नका, गेलातच तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून डबीत बंद केलेलंच घ्या. आणि घरी आणल्यावर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. कडक गोल डबी मिळते, ती घ्या.

भारतातून विचारणाऱ्यांना मात्र माझं उत्तर वेगळं आहे. डॉलर मागवायच्या फंदात पडू नका, १९१८ चा राजाछाप रुपया घ्या. बरोबर एक तोळ्याचा, तोही कोटींनी पडलेला. कुठल्या रुपयात कुठली चांदी हे कुणी सांगू शकत नाही, पण अमेरिकेहून जहाजं आली त्याच काळातला तो. फक्त तो परदेशी आणता येत नाही. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

म्हणून माझ्या आजीचा रुपया सांगलीलाच आहे, आईच्या कपाटात. मुंबईच्या टाकसाळीच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली एक बारीक उठावाचं टिंब असतं, कलकत्त्याच्या रुपयावर नसतं. परवा आईला फोन करून म्हटलं, जरा बघ ना. चष्मा, मग बॅटरी, मग खिडकीपाशी जाणं, असं पाच मिनिटं चाललं.

"आहे गं. खसखशीच्या दाण्याएवढं."

"नक्की? बरं, आता तसाच ठेव. पुसू नकोस हं."

"पुसल्याशिवाय दिसलं असतं का ते?"