माळशेजला जाताय? टोकावड्याच्या पुढे गाडी चाळीसवर आणा

माळशेज घाटाला निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने तेच दोन सल्ले दिले. घाटात जपून चालव आणि पहाटे लवकर निघ, रस्ता मोकळा मिळेल. पहिला सल्ला ठीक आहे. दुसरा सपशेल चुकीचा. तो देणाऱ्यांपैकी एकानेही अंधारात टोकावड्याच्या पुढे गाडी चालवलेली नसावी.

आम्ही तिघं, दोन बाइक, मुलुंडहून. खारेगाव, राजनोली नाका, दुर्गाडी पूल, कल्याण. शहाडचा पूल न थांबता पार झाला, पहाटे निघण्याचा फायदा एवढाच. म्हारळ, रायते, मुरबाड, सरळगाव यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पेट्रोल मुरबाडलाच भरून घ्या.

घाटाच्या अलीकडचं टोकावडं गाव सोडलं की रस्ता फसवायला लागतो. डोंगर अजून लांब असतो, चढ जाणवत नाही, दोन्ही बाजूंना भातशेती आणि झाडी. घाट सुरू झालेला नसल्यामुळे हात सैल पडतो आणि काटा साठच्या वर जातो. मग वळणं येतात. पाहता क्षणी साधी वाटतात, पण त्यातली काही आत शिरल्यावर आणखी आवळत जातात, आणि आतल्या बाजूच्या झुडपांमुळे पुढचं दिसत नाही. दिशा दाखवणाऱ्या बाणांच्या पाट्या काही वळणांवर आहेत, काहींवर नुसते खांब उरलेत. पांढरा पट्टा अंधारात जवळजवळ दिसत नाही. सर्वांत वाईट म्हणजे साइडपट्टी. थरावर थर चढवून रस्ता उंच झालाय आणि कडेची माती तिथेच राहिली आहे. डांबराच्या कडेला चांगली वीतभर उतरंड. चाक एकदा खाली गेलं की बाइक परत वर येत नाही, पडते.

आता पहाटेचं गणित. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडचा भाजीपाला रात्री घाट उतरून कल्याणच्या मार्केटला येतो. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप, रात्रभर जागे ड्रायव्हर, आणि लिलावाआधी पोचायची घाई. रस्ता रिकामा आहे असं तुम्हाला वाटतं तसंच त्यालाही वाटतं, म्हणून तो वळण आतून कापतो. तसाच एक समोरून आमच्या बाजूला आला, वर हेडलाइटचा अप्पर मारलेला. पुढचा मित्र डावीकडे सरकला, चाक उतरंडीवरून घसरलं आणि तो बाइकसकट चरात. जाड जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड होते म्हणून खरचटण्यावर निभावलं. क्लच लिव्हर तुटला, पुढची रिम वाकली. पिकअप थांबली नाही.

उजाडल्यावर रिकामा टेम्पो मिळाला. बाइक मुरबाडपर्यंत न्यायचे त्याने साडेतीन हजार सांगितले आणि एक रुपया कमी केला नाही. तीस-पस्तीस किलोमीटरला! दोन बाइकमध्ये मिळून एक जादा लिव्हर आणि एक दोरखंड ठेवा, निदान लिव्हरपुरतं तरी कोणाच्या दारात जावं लागणार नाही. रिम वाकली तर मात्र द्या पैसे आणि गप्प बसा.

टेम्पोची वाट बघत वैशाखऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलात बसलो होतो. वळणावरच्या झाडांना खताची पांढरी पोती बांधलेली दिसली. विचारलं तर मालक म्हणाला, ‘‘आम्हीच बांधतो. रात्री लोकं सरळ शेतात जातात.’’ त्या अख्ख्या पट्ट्यात अंधारात मला सगळ्यात आधी दिसलेली खूण ती पोतीच होती. बाणांच्या पाट्या, कॅट-आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे खडे), वळणाआधी रम्बलर (गाडीला हादरे देणारे उंच पट्टे), झुडपांची छाटणी आणि मुरूम टाकून दाबलेली साइडपट्टी, एवढ्यावर हा रस्ता निम्मा सुधारेल. यात पूल नाही, बोगदा नाही, भूसंपादन नाही. पण सरकारी व्याख्येत ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातांची जागा, ठरायला साधारण 500 मीटरच्या तुकड्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू लागतात. आमच्यासारखे चरात पडून उठणारे त्यात धरलेच जात नाहीत.

म्हणून पडलात, थोडक्यात वाचलात, तरी कळवा. हा राष्ट्रीय महामार्ग 61 आहे. वळणाचा फोटो, जवळचा किलोमीटरचा दगड आणि मोबाइलवरचं ठिकाण लिहून महामार्ग विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज द्या, पोच घ्या. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलंय: ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्ता बांधणाऱ्या-सांभाळणाऱ्यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, पण अर्जात कलम लिहिलेलं असलं की कागद जरा हलतो. जखमी दिसला तर 108 किंवा 112 लावा आणि बिनधास्त थांबा. मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही, ते कलम 134अ.

चालवण्याबद्दल. कल्याण उजाडता उजाडता सोडा, त्याआधी नको. टोकावडं ते घाटाच्या पायथ्याचं मोरोशी, वेग चाळीस. चाळीसचे साठ केलेत की वळणावर गाडीला बाहेर ओढणारा जोर सव्वादोन पट होतो. आणि डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर साठला गाडी साडेसोळा मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. डाव्या वळणावर कडेला चिकटू नका, उतरंड तिथेच आहे, आणि उजव्या वळणावर मधल्या पट्ट्याजवळ डोकं नेऊ नका. हॉर्न द्या, लाजू नका.

रिम ठोकून सरळ केली आणि दुपारी हट्टाने पुन्हा वर गेलो. खरा घाट त्यामानाने सभ्य निघाला. कठडे आहेत, पाट्या आहेत आणि सगळेच घाबरून हळू चालवतात. पावसात दरडीचा धोका खरा, म्हणून कड्याखाली गाडी लावून फोटो काढू नका, आणि बंदीचे आदेश निघालेत का ते आधी बघा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. उतरताना चढतानाचाच गिअर ठेवा. धबधबे, पिंपळगाव जोग्याचं पाणी वगैरे सुंदर आहे, त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल.

परतताना चारच्या आत घाट उतरायला लागा. उशीर झाला तर अंधारात मोरोशी-टोकावडं करण्यापेक्षा वरच मुक्काम करा. खोलीचं भाडं टेम्पोपेक्षा कमी पडतं.