कुंभयुग कधी? आधी शून्य सांगा

कुंभयुग सुरू झालं का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, राशिचक्राचं शून्य, म्हणजे मेषेचा आरंभ, कुठे धरलंय? पत्रिकेच्या गणिताची मला पहिल्यापासून ओढ. या प्रश्नाचं उत्तर फलितात नाही, गणितात आहे, असं माझं ठाम मत आहे.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होताना सूर्य असतो तो बिंदू, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दर वर्षी सुमारे 50.3 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) मागे सरकतो. एका अंशाला जवळपास 72 वर्षं लागतात, पूर्ण फेरीला सुमारे 25,770. तिचे बारा सारखे भाग केले की एक युग, म्हणजे संपात एका राशीत असतो तो काळ, साधारण 2,150 वर्षांचं. सरकणं उलटं, म्हणून क्रमही उलटा: वृषभ, मेष, मीन आणि मग कुंभ.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो मीन संपते कुठे याचा. संपात राशिचक्राच्या शून्यापासून किती मागे सरकलाय, तो कोन म्हणजे अयनांश. चित्रा तारा आधाराला घेणाऱ्या चित्रापक्षाचा, म्हणजे लाहिरी अयनांश आज 24 अंशांच्या थोडा पुढे आहे. म्हणजे संपात निरयन (ताऱ्यांना धरून मोजलेल्या) मीनेच्या सहाव्या अंशात आहे आणि कुंभेत जायला चारशेच्या वर वर्षं बाकी आहेत. टिळक पंचांगाचा, रेवती नक्षत्र आधाराला घेणारा रैवतपक्ष घेतला, तर अयनांश चारेक अंशांनी कमी, म्हणून कुंभयुग आणखी जवळपास तीन शतकं लांबतं. खगोलशास्त्रज्ञांनी 1930 मध्ये ठरवलेल्या तारकासमूहांच्या सीमा समान नाहीत. मीन क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचे, 37 अंश व्यापते. त्या हिशेबाने कुंभ लागते इ.स. 2600 च्या आसपास. निकोलस कॅम्पियन या अभ्यासकाने ज्योतिष्यांनी दिलेल्या तारखा गोळा केल्या, त्या 1447 पासून 3597 पर्यंत पसरल्या आहेत. अख्ख्या युगाएवढं अंतर!

फेब्रुवारी 1962 मधली ग्रहांची गर्दी घ्या. सूर्य, चंद्र आणि शनीपर्यंतचे पाचही ग्रह एकत्र आले होते, शिवाय खग्रास सूर्यग्रहण. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन गणिताने, म्हणजे शून्य संपातावरच धरून, त्यांना कुंभेत मोजत होते, आणि त्यांतल्या काहींनी तिथूनच कुंभयुग धरलं. आपल्याकडे तीच युती निरयन मकरेत होती. केतू धरून ती अष्टग्रही झाली आणि लोक प्रलयाच्या धास्तीने होमहवन करत होते. एकच आकाश, दोन राशी. माझ्या दृष्टीने दोन्हीकडे मुद्दा निसटला. युगाची व्याख्या संपातबिंदूवर उभी आहे, ग्रह किती जमले यावर नाही.

अर्थ लावण्याची रीत मात्र मला मनापासून आवडते. युगाची रास एकटी बघत नाहीत, समोरचीही बघतात. मीन–कन्या हा अक्ष घेऊन ख्रिस्ती धर्मातलं माशाचं चिन्ह आणि कुमारी माता एकत्र वाचतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1951 च्या 'आयॉन' या पुस्तकात मीनयुगाच्या प्रतीकांवर केवढा खोल विचार केलाय! कुंभेचे स्वामी शनी आणि युरेनस, म्हणून समूह, यंत्रं, जुन्या चौकटी मोडणं.

पण वृषभयुग म्हणजे बैलपूजा, मेषयुग म्हणजे मेंढा, हे मला पटत नाही. बारा समान राशींची चौकट बॅबिलोनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास तयार झाली. वृषभयुगातल्या माणसांकडे ती नव्हती. शिवाय मेषयुग लागल्यावर बैलाची पूजा थांबली नाही. नंदी आजही शंकरासमोर बसलेला आहे. हव्या त्या घटना निवडून युगाला चिकटवल्या की कोणतंही युग जुळतं.

याच संपातचलनाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी 1893 च्या 'ओरायन' या ग्रंथात वेदांचा काळ शोधला. संपात मृगशीर्षाकडे होता तो काळ त्यांनी इ.स.पू. 4000 ते 2500 असा मांडला. त्यांच्या निष्कर्षावर वाद आहेत, पण कोणतं नक्षत्र धरलं हे वाचकाला कळतं, म्हणून वाद घालता तरी येतो. कुंभयुगाचं साल छापणाऱ्यांनी शेजारी अयनांश छापावा, एवढीच माझी मागणी आहे.