ऑपरेशन फुकट, पण खाड्याचं काय?

मी पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. मागच्या महिन्यात फिजिओवाले वैतागून आले, तुमची ती राजगुरुनगरकडची केस परत गायब म्हणे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेला नऊ वर्षांचा मुलगा, हिपचं ऑपरेशन निर्धन कोट्यातून झालेलं, म्हणजे 1 लाख 80 हजाराच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी जे 10 टक्के बेड ठेवावे लागतात त्यातून. वर आणि, फुकट मिळालं की किंमत नसते लोकांना. हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं, असो.

फोन केला तर दुसऱ्या दिवशी आईवडील पोराला घेऊन हजर. आईने पिशवीतून शाळेची वही काढली, मागच्या पानावर पोराच्या ताईने हिशोब मांडलेला. ऑपरेशन 0, त्याला दोनदा अंडरलाइन. खाली एसटी, वाकडेवाडीहून रिक्षा, डायपर, आणि दर तारखेला पप्पांचा खाडा 500. आईला हाफ तिकीट आहे, पोराला दिव्यांग सवलत आहे, पण पोरगं एकटीला उचलत नाही म्हणून वडिलांना यावंच लागतं, आणि ते चाकणला ठेकेदाराकडे कामाला, नाही गेले की पैसे नाहीत.

आता या खाड्याला कुठल्या फॉर्मवर रकाना आहे सांगा. सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना 2500 झालेत पण उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजार, रोज 500 कमावणारा त्यात बसवायचा कसा? इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग पोरासाठी 75 हजाराची वजावट आहे, पण ती टॅक्स भरणाऱ्याला. त्यातल्या त्यात केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा बरा, 1 लाखाचं कव्हर, थेरपी ओपीडी सगळं धरतात, आधीपासून आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. फक्त आधी खिशातून भरायचं मग बिलं लावायची, आणि गावाकडचा थेरपिस्ट बिल देतोय कशाला! तरी फॉर्म तिथेच भरून घेतला आणि वडिलांना बजावलं की पक्कं बिल मागायचं, लाजायचं नाही.

मग सहज विचारलं, सुट्टी कधी असते? तर म्हणाले गुरुवार, एमआयडीसी बंद. आणि आमच्याकडे तारखा दिलेल्या मंगळवारच्या, कारण ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांची, ओपीडी मंगळवारी! कुणी विचारलंच नव्हतं हो. ऑर्थोच्या सरांना जाऊन भेटले, ते म्हणाले गुरुवारी फिजिओला आला की मला फोन करा, मी खाली येऊन बघतो. फिजिओच्या मॅडमनी आईला घरचे व्यायाम करून घ्यायला शिकवले, वडिलांनी मोबाईलवर शूटिंग केलं, म्हणजे आता दर आठवड्याला यायची गरज नाही.

त्यानंतर दोन गुरुवार आलेत बरोबर. निरामयचं कार्ड अजून यायचंय.